पाणंदीच्या चढावर

त्या आठवड्यात अकरावीला घर्षणाचा धडा चालू होता. कोल्हापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचे. सहा वर्षं झाली होती. फळ्यावर एक ठोकळा काढायचा, त्याचं वजन दाखवणारा खालचा बाण, जमिनीच्या आधाराचा वरचा बाण, ओढणारा बाण आणि ओढीच्या उलट दिशेला घर्षणाचा बाण. वस्तू जमिनीवर जितकी दाबून बसेल तितकं घर्षण जास्त. आणि एकदा घसरायला लागली की घर्षण कमी होतं, म्हणून जागची हलवायला जोर जास्त लागतो आणि हललेली ढकलायला कमी. हे मी इतक्या वेळा बोलले होते की बोलताना डोक्यात दुसरंच काहीतरी असायचं. दूध तापवून ठेवलं का, पोरीचे कपडे वाळले का. त्या आठवड्यात डोक्यात अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. आम्ही लिंगायत, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. आई ती अव्वा, वडील अप्पा, थोरला भाऊ अण्णा. अप्पांनी उमेदीची वर्षं गुऱ्हाळात काढली होती, रस आटवायच्या काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारत. त्या धुरानं त्यांची छाती कामातून गेली. चार वर्षं झाली, त्यांना आडवं होताच येत नव्हतं. भिंतीला लोड, लोडाला पाठ, आणि बसल्या बसल्याच झोप. दिवसातून तीनदा वाफेच्या मशीनवर औषध घ्यावं लागायचं, आणि ते मशीन विजेवर चालायचं.

मंगळवारी सकाळी अण्णाचा फोन आला. मोबाईल त्यानं नुकताच घेतला होता आणि त्यावर तो नेहमी ओरडून बोलायचा. त्या दिवशी हळू बोलला.

"लाइट जाऊन दोन दिस झालं. मशीन बंद हाय. गावातल्या दवाखान्याला कुलूप हाय. तोंडात मारायचा पंप मिळतोय का बघ आन् घेऊन ये."

"आणि पाणी?"

"वाढालंय. पर आपल्या गल्लीत कवा आलं न्हाय."

"अप्पांना बाहेर काढ ना, अण्णा. इकडं आण."

"त्ये न्हाय म्हनत्यात," तो म्हणाला. जरा थांबून, "पान्याची मोटार काढायची ऱ्हायलीया नदीवरची. ती काढतो, मग बघू." बॅटरी संपत आली होती, फोन तुटला.

आम्ही नवराबायको शाहूपुरीत भाड्यानं राहत होतो. पोर तीन वर्षांची. नवरा म्हणाला, मी पोरीजवळ थांबतो, तू जा. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पंप आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घेतल्या आणि एसटी धरली. एसटी जयसिंगपूरपर्यंतच चालू होती. पुढं एका ट्रॅक्टरवाल्याला हात केला. तो गावोगावची माणसं बाहेर आणून सोडत होता आणि रिकामी ट्रॉली घेऊन परत निघाला होता.

"समदी भाईर यालीत आन् तुमी आत कुठं, पावणं?" तो म्हणाला.

"वडील आहेत आत."

त्यानं हात देऊन मला ट्रॉलीत घेतलं.

घरात शिरले तेव्हा अप्पा लोडाला टेकून नव्हते, पुढं वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वर जात होते आणि गळ्याजवळ खड्डा पडत होता. "मी आलो, अप्पा," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'मी आलो' असंच म्हणतात, शहरात राहून माझं ते सुटलं होतं, पण त्या दारात आपोआप तोंडात आलं. पंप तोंडात धरला, दाबला, श्वास आत घ्या म्हणाले. तो आत घेण्याइतकाही जोर त्यांच्यात नव्हता. चौथ्यांदा कुठं थोडं औषध आत गेलं. अर्ध्या तासानं ते मागं टेकले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरीला कुणाजवळ ठिवलंस?"

त्यांच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं सलग वाक्य ते.

दुपारी गोठ्यात पाणी आलं. मागच्या भिंतीखालून, आवाज न करता, शेणकुटं उचलत आलं. अण्णा मोटार काढून नुकताच परत आला होता, कमरेपर्यंत भिजलेला. पाणी बघून तो जागेवरच उभा राहिला, मग एकदम धावपळ सुरू झाली. अण्णाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ज्वारीची सहा पोती, ट्रंका, टीव्ही, गॅसची टाकी, भांड्यांची पाटी. मीही भरत होते. वहिनीनं दोनदा म्हटलं, "अप्पास्नी आधी घ्या, निघूया," आणि आम्ही दोघंही तिला "एवढं झालं की" म्हणालो. त्यात तास गेला. त्या तासावर मी नंतर जितका विचार केला, तितका आयुष्यात दुसऱ्या कशावर केला नाही.

शेवटी अप्पांना लाकडी खुर्चीत बसवून, खुर्ची पोत्यांमध्ये रोवून, खाली दोन वाकळी घातल्या. शेजारी अव्वा, वहिनी आणि अण्णाची दोन पोरं. मी अप्पांच्या मागं, त्यांच्या काखेत हात घालून. गल्लीतले दोघं गडी ट्रॅक्टरच्या दोन मडगार्डांवर बसले.

रस्त्यावरच्या ओढ्याचा पूल पाण्याखाली गेला होता. उरली पाणंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊस असलेली शेतातली वाट. ती पुढं एक चढ चढून माळावर निघते आणि माळावरून डांबरी रस्ता लागतो. चढ तसा काही मोठा नाही. उन्हाळ्यात अण्णा गाणी लावून तिथनं उसानं भरलेली ट्रॉली न्यायचा. पण ती काळी माती. चार दिवसांच्या पावसानं तिचं लोणी झालं होतं.

चढाच्या मध्यावर मागची चाकं जागेवरच फिरायला लागली.

अण्णानं गॅस वाढवला. चिखलाच्या चिळकांड्या उडून ट्रॉलीत आल्या, अप्पांच्या तोंडावर आल्या. मी पदरानं त्यांचं तोंड पुसत होते आणि ट्रॅक्टर नुसता ओरडत होता. चाकांच्या खाचा चिखलानं भरून टायर गुळगुळीत झाले होते. पुस्तकातले पृष्ठभाग कोरडे असतात. लाकडावर लाकूड, लोखंडावर लोखंड. मला एवढंच सुचलं की ओझं जास्त झालंय.

"उतरा!" मी ओरडले. "सगळी उतरा, वजन कमी करा!"

वहिनी पोरांना घेऊन उतरली, अव्वा उतरली, मडगार्डवरचे दोघंही उतरले. अण्णानं परत गॅस दिला. चाकं आधीपेक्षा जोरात फिरली. आधी निदान थोडी धरत होती, आता अजिबात धरेनात. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. ट्रॅक्टरच्या ज्या चाकांनी जमीन धरायची, त्यांच्यावरचंच वजन मी उतरवलं होतं. सहा वर्षं जे शिकवलं, त्याच्या बरोबर उलट.

"मडगार्डवर बसा! तुम्ही दोघं, परत बसा!"

"आत्ता उतर म्हनलीस, आत्ता बस म्हनतीस!" अण्णा मागं वळून ओरडला. "तुजं पुस्तक कॉलेजात ठेव. हितं चिखल हाय."

"बसू दे त्यांना. आणि गॅस कमी कर. चाक फिरलं की संपलं. फिरू देऊ नको."

त्यानं ऐकलं का, की नुसताच दमला होता, कुणास ठाऊक. गॅस कमी झाला. ते दोघं चढून बसले, ट्रॅक्टर दोन हात पुढं गेला, आणि मग सगळंच मागं सरकायला लागलं. अण्णानं ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही. थांबलेल्या चाकांनिशी तो मागं चालला होता, ट्रॉली वाकडी होत होती, आणि चढाच्या खाली, वीस-पंचवीस पावलांवर, आम्ही मघाशी जिथनं आलो तिथं पाणी आलेलं दिसत होतं. अव्वा कानडीत देवाला हाका मारत होती. ट्रॉलीचं एक चाक आधीच्या चरात गेलं आणि आम्ही थांबलो.

दोघं गडी उड्या मारून उतरले, बांधावरचे दगड उचलून आणले आणि ट्रॉलीच्या चाकांमागं लावले.

मी अप्पांना पंप दिला. औषध ओठांवरून खाली गेलं. ओठ जांभळे झाले होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, कुठंच बघत नव्हते. त्यांचं सगळं लक्ष आतल्या एका कामावर लागलं होतं, पुढचा श्वास.

"ट्रॉली सोडा," वहिनी म्हणाली. ती चिखलात गुडघ्यापर्यंत उभी होती, कडेवर धाकटा. "अप्पास्नी ट्रॅक्टरवर घ्या आन् जावा. आमी चालत येतो."

इतका वेळ आम्हा दोघा भावाबहिणींना, त्या दोघा गड्यांना, कुणालाही हे सुचलं नव्हतं. अण्णानं ट्रॉलीतल्या पोत्यांकडं बघितलं. ते बघणं एका क्षणाचंच, पण मी ते पाहिलं आणि मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं. मग ब्रेक अडकवून तो खाली उतरला आणि ट्रॅक्टर-ट्रॉली जोडणारी पिन ओढायला लागला.

पिन निघेना.

रोज संध्याकाळी एका हातानं निघणारी पिन. त्यानं दोन्ही हातांनी ओढली. खालून टॉमीचे, लोखंडी दांड्याचे, घाव घातले. गड्यांनी घाव घातले. लोखंडाचा नुसता आवाज. अण्णा शिव्या द्यायला लागला, पिनला, पावसाला, नदीला, स्वतःला, आणि मग शिव्या थांबून तो रडायलाच लागला, टॉमी मारत मारत. इतका मोठा माणूस, दोन पोरांचा बाप. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं.

मी ट्रॉलीतून उतरले. का ते मला सांगता येणार नाही, मी त्या पिनवर हात ठेवला. ती थरथरत होती. ट्रॅक्टर वर ओढून धरत होता, भरलेली ट्रॉली खाली ओढत होती, आणि मधे ही हाताएवढी पिन, दोन्ही बाजूंनी भोकाच्या कडेवर आवळलेली. जिथं घर्षण हवं होतं तिथं चाकाखाली ते नव्हतं, आणि इथं नको तिथं सगळं येऊन बसलं होतं.

"अण्णा, मारू नकोस. पिन गंजलेली न्हाय, दाबलेली हाय. ट्रॅक्टर वीतभर मागं घे. ओढ गेली की निघंल."

"मागं?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला अप्पांना पाण्यात ढकलायला सांगितलं होतं. "मागं पानी हाय. दिसतंय न्हवं?"

"ट्रॉलीला दगडं हायत."

"आन् दगडं सरकली तर? अप्पा हायत तिच्यात!"

"अप्पांना आधी उतरवू."

"मघाशी सांगितलंस त्ये बरोबर हुतं व्हय गं?" तो म्हणाला.

मघाशी मी चुकले होते, आणि आता मला खात्री होती, पण मघाशीही होतीच की. मी म्हणाले, "न्हाय. मघाशी चुकलो. ह्ये बरोबर हाय."

आम्ही चौघांनी अप्पांना खुर्चीसकट उचलून खाली, बांधाच्या कडेला ठेवलं. भर चिखलात, पावसात, लाकडी खुर्चीत माझे वडील बसले होते, अव्वा त्यांच्या डोक्यावर पोतं धरून उभी. अण्णा सीटवर चढला. अडकवलेला ब्रेक पायानं हळूच सैल केला. ट्रॅक्टर मागं आला, ट्रॉली दगडांवर टेकली, दगड चिखलात बोटभर सरकले आणि बसले.

पिन मी दोन बोटांनी काढली.

पुढचं भराभर झालं. अव्वानं ट्रॉलीतल्या दोन्ही वाकळी ओढून काढल्या आणि स्वतः चाकांपुढं अंथरल्या, हातानं सारख्या करत, जणू कुणी निजणार होतं त्यांवर. अप्पांना डाव्या मडगार्डवर बसवलं, एका गड्यानं त्यांना पुढून धरलं, मी मागं लोखंडी दांडीवर उभी राहून त्यांची पाठ छातीशी घेतली. दुसरा गडी उजव्या मडगार्डवर. "निधान," अव्वा अण्णाला म्हणत होती, "निधान, निधान." कानडीत हळू, सावकाश. अण्णानं सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि गॅसला हात लावला नाही. चाकांनी वाकळी धरल्या. एक वाकळ फाटत गेली तो आवाज मला इंजिनाच्या वर ऐकू आला. आणि आम्ही चढलो.

माळावरून डांबरी, तिथनं एका जीपवाल्यानं घेतलं, आणि अप्पांना दवाखान्यात ऑक्सिजन लावला तेव्हा ते शुद्धीवर नव्हते, पण होते. वहिनी, अव्वा आणि पोरं चालत माळावरच्या शाळेत पोचली होती. तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन तास आधी आणायला पाहिजे होतं." वाईट मनानं नाही, त्याला त्या दिवशी तसलं पन्नास जणांना सांगावं लागलं असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा गेले.

गावी नेता येत नव्हतं. आम्ही लिंगायत पुरतो, आणि आमची स्मशानभूमी, आमचं शेत, आमची सगळीच माती पाण्याखाली होती. दवाखान्याच्या जिन्यात अण्णा आणि मी बसलो होतो. वडलांना पुरायला हातभर जागा आमच्याकडं नव्हती, आणि हे एकमेकांना म्हणायचं कसं ते आम्हाला कळत नव्हतं. माझं सासर कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचं. माझ्या सासूबाईंनी निरोप पाठवला, आमच्या बांधावर आणा. अव्वा म्हणाली, "परक्याच्या मातीत कसं ठिवू?" निरोपापाठोपाठ सासूबाई स्वतःच आल्या, त्या अव्वाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "परकी कशापायी? आमचा ल्योक दिलाय की तुमच्या पोरीला."

गडमुडशिंगीलाही पाऊस होताच. खड्डा खणला तसं बाजूनं पाणी झिरपायला लागलं. माझा नवरा आणि दीर घमेल्यानं पाणी उपसत होते, अण्णा आत उतरून मातीची ओली कड हातानं धरून ठेवत होता, ढासळू नये म्हणून, आणि ती त्याच्या बोटांतून सुटत होती. विधी करणारे जंगम स्वामी म्हणाले, आता उशीर नको. आमच्यात बसवून पुरतात. अप्पांना बसवलं. चार वर्षं ते तसेच झोपत आले होते. अव्वा तेवढ्यावर धाय मोकलून रडली, तोवर रडली नव्हती.

कॉलेजात परत गेले तेव्हा सहकाऱ्यानं धडा संपवला होता. बरं वाटलं. पुढच्या वर्षी तो धडा मी त्यालाच दिला आणि बदल्यात त्याचे प्रकाशाचे दोन धडे घेतले. कारण विचारल्यावर प्रकाश शिकवायला आवडतो असं काहीतरी सांगितलं.

पाणी ओसरल्यावर महिन्याभरानं अण्णा आणि मी ट्रॉली आणायला गेलो. ती होती तशीच उभी होती. पाणी तिच्या साट्यापर्यंत, तळाच्या फळ्यांपर्यंत, येऊन गेलं होतं. पोत्यांतली ज्वारी भिजून उगवून आली होती, तागाच्या विणीतून पांढरे-हिरवे कोंब बाहेर, आणि वास असा की नाक धरावं. अण्णा ट्रॉलीच्या फळीला हात लावून म्हणाला, "तुज्या वैनीनं म्हनल्यावर न्हाय, आदीच सोडली असती तर? घरातच. जोडलीच नसती तर?"

मी हिशेब किती वेळा केला होता. सामानाचा तास, चढावरचा पाऊण तास. डॉक्टरचे दोन तास. मला ते सगळं तोंडपाठ होतं.

"मी सगळ्यांना उतरायला सांगितलं, तीपण चूकच," मी म्हणाले.

"त्ये मी इचारलं न्हाय."

"मला माहीत नाही, अण्णा."

"तू मास्तरीण हाईस," तो म्हणाला. "तुला म्हाईत असायला पायजे."

तो रागावला नव्हता. खरंच उत्तर हवं होतं त्याला, आणि कुणीतरी ते दिलं असतं तर तो उरलेलं आयुष्य ते घेऊन जगला असता, ते कसलंही असलं तरी. थोड्या वेळानं तो ट्रॉलीत चढला, एका पोत्याचं तोंड धरलं आणि म्हणाला, "धर तिकडनं. कुजलंय समदं, टाकूया." मी दुसरं टोक धरलं. पोतं हातातच फाटलं.